पहिली-दुसरी-तिसरीचा एकत्र वर्ग: आमच्या गावच्या सरकारी मराठी शाळेबद्दल

गुण आधीच सांगून टाकतो. बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागातल्या आमच्या गावच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत पहिली, दुसरी आणि तिसरीचा जो एकत्र वर्ग भरतो, त्याला पाचपैकी साडेचार. चौथी-पाचवीला साडेतीन, त्याचं कारण खाली येईल. इमारत, रंगरंगोटी, गेटवरची कमान यांचे गुण यात धरलेले नाहीत. मूल वर्गात बसून काय करतं, कुठं अडतं आणि अडल्यावर त्याला कोण हात देतं, एवढंच मी बघितलंय आणि त्यावरच लिहितोय.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीला पॅटर्न मेकर होतो. सागवानातून पंपाच्या केसिंगचा किंवा व्हॉल्व्हच्या बॉडीचा नमुना घडवायचा, त्यावरून वाळूचा साचा होतो आणि त्या साच्यात बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात. आयुष्य त्यात गेलं. रिटायर झालो तेव्हा हत्यारं घरी आली. मुलगा आणि सून दोघंही कामावर जातात, म्हणून नातीला शाळेत सोडायचं-आणायचं काम माझ्याकडं आहे. शाळेच्या बाईंनी एक दिवस विचारलं, "काका, मुलांची अभ्यासाची कार्डं ठेवायला एक लाकडी रॅक करून द्याल काय?" मापं घ्यायला वर्गात गेलो, रॅक बसवायला गेलो, मग खण कमी पडले म्हणून वाढवायला गेलो. असं करत करत त्या वर्गातली जवळजवळ सगळी कार्डं माझ्या हाताखालून गेली. आईवडील सहसा गेटपाशी थांबतात. मला आत बसून बघायला मिळालं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

या वर्गात प्रत्येक मूल कार्डांवरून आपापल्या चालीनं शिकतं. या पद्धतीला कर्नाटकात नली-कली म्हणतात, म्हणजे आनंदानं शिका. म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात १९९५ साली युनिसेफच्या मदतीनं ती सुरू झाली. तिथल्या सरकारी शाळेतले शिक्षक आंध्रातल्या ऋषी व्हॅली या निवासी शाळेच्या आसपासच्या छोट्या शाळा बघून आले आणि तिथली कार्डांची पद्धत त्यांनी आपल्या वर्गांना बसेल अशी करून घेतली. २००९-१० पासून ती राज्यभर कन्नड माध्यमाच्या सरकारी शाळांत खालच्या इयत्तांना लागू व्हायला लागली. आमच्या शाळेतली कार्डं मराठीत आहेत. एक गोष्ट मला फार आवडली. शिक्षकांनी स्वतः जाऊन बघितलं आणि मग आपल्या वर्गासाठी ती घडवली. कामाची वस्तू काम करणाऱ्यानं घडवलेली असली की हातात घेतल्यावर कळतं.

आता खोली कशी आहे ते सांगतो. बाकं नाहीत. जमिनीवर सतरंज्या आणि मुलं गोल करून बसलेली. भिंतीला खालून मुलांच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत काळा फळा रंगवलाय आणि त्यावर रेघा मारून प्रत्येक मुलाचा आपापला तुकडा आहे. तिथं ती लिहितात, पुसतात, परत लिहितात. वर दोऱ्या आडव्या-उभ्या बांधल्यात, त्याला मांडव म्हणतात. मुलांनी काढलेली चित्रं, घड्या घातलेले कागद, चिकटवलेली पानं त्या मांडवाला लटकतात. सकाळी आल्यावर मूल आपली हजेरी आपणच लावतं आणि एकजण हवामानाच्या तक्त्यावर ऊन, ढग, पाऊस यातलं त्या दिवसाचं चित्र लावतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं त्या तक्त्यावर पावसाशिवाय काही दिसतच नाही. तरी ज्याची पाळी आहे तो पोरगा दारात जातो, वर बघतो आणि मगच चित्र लावतो. बघून मग नोंद करायची, ही सवय पहिलीच्या पोराला लागते हे लहान काम नव्हे.

पण खरी गोष्ट भिंतीवरच्या शिडीत आहे. प्रत्येक विषयाची एक शिडी. पायरीपायरीवर छोटी चित्रं असतात, त्या चित्रांवरून मुलाला आपली पायरी ओळखता येते. मूल शिडीपाशी जातं, आपण कुठं आहोत ते बघतं, त्या चित्राचं कार्ड रॅकमधून काढतं. कुठल्या गटात बसायचं हेही त्यावरून ठरलेलं असतं. काही कामं बाईंच्या शेजारी बसून करायची, काही बाईंच्या थोड्या मदतीनं, काही सोबत्यांबरोबर, काही एकट्यानं. एका कार्डावर नवीन शिकायचं, पुढच्यांवर सराव, मग ते वापरून बघायचं आणि शेवटी येतं का नाही याची तपासणी. ते झालं की वरची पायरी.

वाचणाऱ्यांना हे कागदावर गुंतागुंतीचं वाटेल. सहा वर्षांच्या मुलांना अजिबात वाटत नाही. मी रॅकचा एक खण चुकून उलट्या क्रमानं लावला असता तर नातीनं मला लगेच सांगितलं असतं, एवढी ती व्यवस्था त्यांच्या अंगात मुरलेली आहे. रॅकची उंचीच मी त्यासाठी कमी ठेवली. वरच्या खणातलं कार्डसुद्धा पहिलीच्या मुलाला टाचा न उचलता काढता आलं पाहिजे, कडा गोल पाहिजेत, आणि खणाचा तळ पुढच्या बाजूला थोडा उंच पाहिजे, म्हणजे कार्डं बाहेर घसरत नाहीत.

मला जे सांगायचंय ते या शिडीबद्दलच आहे. आपलं मूल नेमकं कुठं अडलंय हे या वर्गात दिसतं. बाईंना दिसतं, मुलाला दिसतं, आणि आईवडील येऊन बघतील तर त्यांनाही दिसतं. मी स्वतः जी शाळा शिकलो तिथं वर्ग पुढं जायचा आणि ज्याला कळलं नाही तो मागच्या बाकावर गप्प बसायचा. त्याला काय कळलं नाही हे वार्षिक परीक्षेत कळायचं, आणि तेव्हा उशीर झालेला असायचा.

नात दुसरीत असताना वजाबाकीच्या एका पायरीवर बरेच दिवस अडून होती. ५२ मधून २७. दोनातून सात जात नाहीत, तिथं ती सातातून दोन काढून मोकळी व्हायची आणि ३५ लिहायची. घरी मी विचारलं तर म्हणाली, "आज्जा, मी अजून कासवावरच हाय." त्या पायरीचं चित्र कासवाचं होतं. रडणं नाही, लपवणं नाही. बाईंनी तिला आपल्या गटात घेतलं आणि काड्या समोर ठेवल्या. दहा-दहाचे पाच जुडगे आणि दोन सुट्या. "सात काड्या दे मला." दोनच सुट्या आहेत. मग काय करायचं? बराच वेळ बाई काही बोलल्या नाहीत, हे मला विशेष वाटलं. शेवटी पोरीनं स्वतःच एका जुडग्याचं रबर सोडलं. बारा झाल्या. सात दिल्या, पाच उरल्या. उरलेल्या चार जुडग्यांतून दोन दिले. पंचवीस. तेच पुढचे काही दिवस काड्यांनी, मग काड्यांची चित्रं काढून, मग नुसते आकडे लिहून. जुडगं सोडायचं म्हणजे काय हे हाताला कळलं, आणि त्यानंतर "हातचा" हा शब्द आला.

फौंड्रीत आम्ही पॅटर्न मूळ मापापेक्षा थोडा मोठा करायचो, कारण बीड थंड होताना मीटरमागे साधारण दहा मिलिमीटर आकसतं. अ‍ॅल्युमिनियम त्याहून जास्त आकसतं, त्याची पट्टी वेगळी असते. एकाच पट्टीनं सगळे धातू मापणारा कारागीर कास्टिंग बिघडवतो. एका दिवशी एकच पान सगळ्या मुलांना शिकवणाऱ्या वर्गाबद्दल मला तेच वाटतं.

या पद्धतीचा आमच्यासारख्या गावांना आणखी एक मोठा फायदा आहे. जुलैत भाताची लावणी सुरू झाली की घरातली सगळी माणसं शेतात असतात आणि लहान पोरंही चार-चार दिवस शाळा चुकवतात. गावात लक्ष्मीची यात्रा असेल, पै-पाहुणे येणार असतील, मग तर विचारूच नका. नेहमीच्या वर्गात असं मूल परत आलं की फळ्यावर काय चाललंय हे त्याला कळत नाही, आणि ते मनानं वर्गाबाहेर जातं. इथं ते परत येतं आणि ज्या पायरीवर सोडलं होतं तिथून पुढं सुरू करतं. मागचं काही बुडत नाही. लावणीनंतर चिखलाच्या पायांनी आलेला एक तिसरीचा पोरगा सरळ शिडीपाशी गेला आणि आपलं कार्ड काढून बसला. ते बघून मला फार बरं वाटलं.

तीन इयत्ता एका खोलीत म्हटलं की आईवडिलांच्या कपाळाला आठ्या पडतात. शिक्षक कमी म्हणून कोंबलेत, असं म्हणतात. मी बघितलं ते असं. तिसरीतली पोरगी दुसरीतल्या दोघांना वाचून दाखवते, मधेच थांबते आणि विचारते, "आता पुढं काय झालं असंल?" शिकवताना तिचं स्वतःचं वाचन पक्कं होतं. आणि तिसरीतला एखादा वाचनात मागं असेल तर तो दुसरीच्या मुलांबरोबर त्या पायरीचं कार्ड घेऊन बसतो. सगळेच मिसळून बसलेले असल्यानं त्याला कुणी चिडवत नाही. मूल अभ्यासात मागं पडण्यापेक्षा त्या लाजेनं जास्त मागं पडतं, हे मी माझ्या पिढीत बघितलंय.

अक्षरओळखीचं थोडं सांगतो. आमच्या वेळी ग म भ न पासून सुरुवात व्हायची. आकार सारखे, हात वळायला सोपे. कन्नड नली-कलीतही अक्षरं वर्णमालेच्या क्रमानं येत नाहीत, र, ग, स, द, अ अशी सुरुवात होते. चार-पाच अक्षरं आली की लगेच त्यांचेच शब्द, शब्दांची चित्रं. सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत थांबायचं नाही. नात पहिलीत दिवाळीच्या आधी एसटीवरची मराठी अक्षरं जोडून वाचायला लागली. आमच्याकडं चंदगडकडं जाणाऱ्या गाड्या महाराष्ट्राच्याही असतात आणि कर्नाटकाच्याही, त्यामुळं पोरीला एकाच थांब्यावर दोन लिप्या भेटतात.

भाषेचा विषय आला तर तोही सांगून टाकतो, कारण सीमाभागात शाळा निवडताना लोक पहिल्यांदा तेच विचारतात. मराठी माध्यमात घातलं तर कन्नड येईल काय, इंग्रजी येईल काय? इथं कन्नड आणि इंग्रजी दोन्ही पहिलीपासून आहेत. कन्नड मुलं फळ्यापेक्षा बाजारातून जास्त शिकतात, शाळा त्याला लिपी देते. इंग्रजीत गाणी, गोष्टी आणि चित्रं यावर भर आहे, बोलणं कमी पडतं. मला यात साधी गोष्ट दिसते. ज्या भाषेत मूल घरी भांडतं, हट्ट करतं, त्याच भाषेत त्याला वजाबाकी समजावली तर ते प्रश्न विचारतं. नातीच्या वर्गात मुलं बाईंना सारखं विचारत असतात. "बाई, ह्ये असं का करूलालाव?" असं सहा वर्षांचं पोर बिनधास्त विचारतं, आणि बाई त्याला थांबवत नाहीत. अभिमानापोटी मराठी शाळेत पाठवा असं मी कुणाला सांगणार नाही. मूल विचारतं, म्हणून पाठवा.

आकड्यांच्या बाबतीत दोन भाषांचा फायदा मला अनपेक्षित ठिकाणी दिसला. मराठीत एकोणचाळीस ऐकलं की कानात चाळीस वाजतं, आणि मुलं ४९ लिहून ठेवतात. २०१९ साली महाराष्ट्रात दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" असं आलं तेव्हा केवढा वाद झाला होता ते आठवत असेल. कन्नडात ३९ म्हणजे मूवत्तोंबत्तु, तीस आणि नऊ, सरळ. बाई काय करतात, मुलांना जुडगे आणि सुट्या काड्या मांडायला लावतात, कन्नडात मोजायला लावतात, मग मराठीत नाव सांगायला लावतात. गणितमाळेवर शंभर मणी आहेत, दहा-दहाच्या दोन रंगांत. चाळिसाव्या मण्याच्या एक अलीकडं बोट ठेवायचं आणि "एकोणचाळीस" म्हणायचं. नाव पाठ होतं आणि का तसं म्हणतात तेही बोटाला कळतं. आमच्या भागातल्या मुलांच्या पदरात ही सोय आयती पडलीय, तिचा उपयोग करून घेणाऱ्या बाई मात्र हव्यात.

आता मेट्रिक मेळ्याबद्दल. हिवाळ्यात शाळेच्या पटांगणात मुलांचा बाजार भरतो. ज्या गावात तो भरत असेल तिथं आवर्जून जा. घरच्या शेतातलं जे असेल ते मुलं विकायला आणतात. आमच्याकडं रताळी भरपूर, मग रताळी असतातच. शेंगा, मेथी, लाल माठ, कोथिंबिरीच्या जुड्या, लिंबाचं सरबत, गिरमिट, कुणाच्या आईनं तळून दिलेली भजी. मोठी मुलं दुकान मांडतात, दुसरी-तिसरीची मुलं गल्ल्यावर बसून सुटे पैसे देतात. मोबाईलवरून पैसे घेत नाहीत. रोख आणायचं, म्हणजे सुट्याचा हिशोब करावाच लागतो.

तराजू दांडीचा होता, हे बघून मी थांबलो. पाचवीतल्या पोरीनं वजन करण्याआधी दोन्ही पारडी रिकामी धरून पासंग बघितला. एका बाजूला किंचित कल होता. तिनं दुसऱ्या पारड्यात एक खडा ठेवून दांडी सरळ केली आणि मग वजनं टाकली. कुणी सांगितलं म्हणून विचारलं तर म्हणाली, "बाईंनी सांगितलंय, आधी तराजू तपासायचा, मग माल." आयुष्यभर मापाचं काम केलेल्या माणसाला याहून मोठं समाधान नाही. मी शेजारच्या पोराकडं मुद्दाम अवघड माप मागितलं. "साडेतीनशे ग्रॅम शेंगा दे." भाव किलोला १२० रुपये. त्यानं २००, १०० आणि ५० ची वजनं टाकली. मग बोटांवर हिशोब. शंभरला बारा, तीनशेला छत्तीस, पन्नासला सहा. "बेचाळीस रुपये, आज्जा." कागद नाही, कॅल्क्युलेटर नाही.

माझ्या लहानपणी घरात अजून शेर-पायलीचीच भाषा होती. देशात दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, ग्रॅम-किलोची मापं १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाली, पण माझी आई कितीतरी वर्षं पायलीनंच तांदूळ मोजायची. मेळ्यात मी घरातली जुनी पायली नेली होती. बाईंनी ती मुलांना दिली आणि म्हणाल्या, यात किती किलो तांदूळ मावतो ते शोधून काढा. पोरांनी आधी अंदाज केला, मग भरून तराजूवर टाकलं, मग तोच प्रयोग ज्वारी भरून केला. तांदळाचं आणि ज्वारीचं वजन वेगळं आलं. का वेगळं आलं यावर एवढी चर्चा झाली की जेवणाची घंटा झाली तरी पोरं उठेनात. आकारमान आणि वजन यांतला फरक पुस्तकात एका ओळीत असतो, त्या पोरांना तो धान्य हातात घेऊन सापडला.

जेवणाबद्दल थोडक्यात. दुपारचं जेवण अक्षर दासोह या सरकारी योजनेचं, भात आणि सांबार किंवा आमटी, गरम आणि पोटभर. सकाळी क्षीरभाग्य योजनेचं दूध मिळतं, ते राज्यात २०१३ पासून सुरू आहे. २०२४ च्या सप्टेंबरपासून अंडंही आठवड्यातले सहा दिवस मिळायला लागलं, ज्यांना नको त्यांना केळं. श्रावणात आमच्या पोरांतली बरीचशी केळंच घेतात. नातीला सांबार घरच्यापेक्षा शाळेतलं आवडतं, एवढं पुरे.

तिसऱ्या शनिवारी दप्तर नसतं. त्याला संभ्रम शनिवार म्हणतात, इथं संभ्रम म्हणजे कन्नडातला आनंदोत्सव. रस्त्याचे नियम, स्वच्छता, मतदान अशा विषयांवर खेळ आणि नाटुकली होतात. काही शनिवार रंगतात, काही नुसते पार पडतात. प्रतिभा कारंजी या शाळाशाळांच्या सरकारी कलागुण स्पर्धांत मात्र मजा असते. पाठांतर, गोष्ट सांगणं, मातीकाम. आमच्या पश्चिम भागातली पोरं मातीत तरबेज, कारण दिवाळीला प्रत्येक गल्लीत किल्ला होतो. त्या हातांना वर्गात माती मिळाली की बघायला नको. हिवाळ्यात आसपासच्या कुठल्या ना कुठल्या गावात मराठी साहित्य संमेलन असतं, कडोली, उचगाव, येळ्ळूर, कुद्रेमानी. ग्रंथदिंडीत शाळेच्या मुलींचं लेझीम असतं. त्यासाठी महिनाभर सराव चालतो आणि तेवढ्या काळात कार्डं थोडी मागं पडतात. मला ते खटकत नाही. एका तालावर तीस पोरींनी पाऊल टाकायला शिकणं हेही शिकणंच आहे.

उणिवा सांगायला हव्यात, कारण मी साडेचार दिलेत, पाच दिले नाहीत.

हस्ताक्षराकडं लक्ष कमी आहे. मुलं लवकर वाचतात, भरपूर बोलतात, पण वहीत ओळ सोडून लिहितात, अक्षराची उंची एकसारखी येत नाही. भिंतीच्या फळ्यावर खडूनं मोठं लिहायची सवय झाली की वहीतल्या दोन रेघांत उतरणं जड जातं. रोज दहा मिनिटं पट्टीच्या वहीत लिहायला हवं असं माझं मत आहे, आणि बाईंनाही मी ते सांगितलंय. घरी नातीकडून मी करून घेतो.

कार्डं पुठ्ठ्याची आहेत. आमच्याकडच्या पावसात ती मऊ पडतात, कोपरे उघडतात, लॅमिनेशनच्या आत पाणी शिरतं. एक कार्ड हरवलं की त्या पायरीवरचं मूल थांबतं. बाई हातानं नवीन करतात, पण तो वेळ वर्गातून जातो. आईवडिलांना विनंती आहे की पावसाळ्याआधी एका रविवारी चार-पाच जणांनी जाऊन कार्डं मोजून, फाटलेली परत चिकटवून द्यावीत. कात्री, जाड पुठ्ठा आणि चिकटपट्टी लागते, पैसा लागत नाही.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ही पद्धत बाईंवर उभी आहे. त्या निवडणुकीच्या किंवा सर्वेक्षणाच्या कामावर गेल्या, ट्रेनिंगला गेल्या, की जागेवर येणाऱ्या शिक्षकाला शिडी वाचता येत नाही आणि मग तो तिन्ही इयत्तांना एकच कविता म्हणायला लावतो. जवळच्या एका गावातल्या शाळेत मी बघितलं, कार्डं सुतळीनं बांधून कपाटात होती आणि शिडी भिंतीवर शोभेला होती. खोली तीच, मांडव तोच, पण मुलं पाढे घोकत होती. म्हणून नली-कली आहे एवढं ऐकून मूल घालू नका. कार्डं वापरून कोपरे मळलेली आहेत काय ते बघा. मळलेली असतील तर वर्ग चालू आहे.

चौथीचे गुण का कापले ते आता. चौथीत बाकं येतात, पुस्तक येतं आणि सगळ्यांना एकच पान. तीन वर्षं आपल्या चालीनं चाललेल्या मुलाला अचानक रांगेत उभं केल्यासारखं होतं. जी तिसरीच्या शेवटच्या पायरीपर्यंत पोचलेली असतात ती निभावतात. जी एक-दोन पायऱ्या मागं असतात ती जूनमध्येच गडबडतात, आणि आता त्यांची पायरी कुठंच दिसत नाही. चौथीचे गुरुजी मेहनती आहेत, पण मुलाची तिसरीची शिडी त्यांच्यापर्यंत पोचायला हवी. प्रत्येक मूल कुठं थांबलंय याचा एक कागद मार्चमध्ये बाईंनी गुरुजींना द्यावा आणि गुरुजींनी पहिला महिना त्यावर घालवावा, असं मी शाळा सुधारणा कमिटीच्या बैठकीत मांडलंय. कमिटीनं ते लिहून घेतलंय.

शेजारच्या एका आईनं मला विचारलं, "काका, वही कोरीच असते, अभ्यास देत नाहीत, पोरगं नुसतं खेळतंय." तिच्यासारख्या अनेकींना ही काळजी आहे आणि ती रास्त आहे. तिला मी सांगितलं ते इथंही सांगतो. वही बघू नका, शिडी बघा. प्रगतीचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो, मुलाचं नाव शोधा, गेल्या महिन्यात कुठं होतं आणि आता कुठं आहे ते बाईंना विचारा. पोराला सांगा, तुझं कार्ड काढून मला शिकव. ते शिकवायला लागलं की दहा मिनिटांत तुम्हाला कळेल. ती आई गेली, बसली, आणि आता महिन्यातून एकदा जाते.

पहिलीच्या दाखल्याला नियमानं मुलाला १ जूनला सहा वर्षं पूर्ण पाहिजेत, त्या वर्षी सवलत असेल तर शाळेत विचारून घ्या. जन्मदाखला, आधार कार्ड आणि फोटो न्यायचे. पुस्तकं आणि गणवेश शाळेतून मिळतात. वर्ष मेच्या शेवटी सुरू होतं आणि मधली मोठी सुट्टी दसऱ्याला असते. महाराष्ट्रात नातेवाईक असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, दिवाळीला मामाकडं जायचं गणित जमवावं लागतं. वर्ग बघायचा असेल तर सकाळची प्रार्थना झाल्यावर मुलं कार्डं काढतात तेव्हा जा, आणि बाईंना आधी विचारून जा. शनिवारी शाळा सकाळची असते, त्या दिवशी लवकर पोचा.